अर्ध्या खटक्यावर

पार्लिनच्या खोलीत आठ ट्रॅकचा एक टेप रेकॉर्डर होता, अर्धा इंच रुंदीच्या टेपची दोन रिळं होती आणि आठ मायक्रोफोन होते. मायक्रोफोनांपैकी पाच त्याचे स्वतःचे, दोन शाळेचे आणि एक गायनमंडळाकडून उसना आणलेला. त्याची जाळी एका बाजूनं चेपली होती. एक हेडफोन होता, एक व्होल्टमीटर, एक सोल्डरिंग आयर्न, आणि सेकंदाला हजार कंपनांचा एकच सूर काढणारी एक पेटी. ही पेटी त्यानं मेदान शहरात कॉलेजात असताना स्वतः बनवली होती. मिक्सर नव्हता.

मिक्सर नव्हता म्हणजे बाकीचं असून नसल्यासारखं होतं. मायक्रोफोनमधून निघतो तो दाब व्होल्टच्या काही हजाराव्या भागांइतका. रेकॉर्डरला हवा तो साधारण एक तृतीयांश व्होल्ट. मधे कुणीतरी तो वाढवून द्यायला पाहिजे आणि कुठल्या माइकचा आवाज कुठल्या ट्रॅकवर जायचा तेही ठरवायला पाहिजे. हे काम मिक्सरचं. मेदानमधली कॅसेटची एक कंपनी बंद पडली तेव्हा पार्लिननं रेकॉर्डर उचलला होता, पण कंपनीचा मिक्सर त्याच्या आधीच कुणीतरी नेला होता.

बालिगे गावातल्या शाळेत तो पदार्थविज्ञान शिकवत असे. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मोटारसायकल काढून लुंबान हारिआराला मामाकडे जायचा. मामाला गावात ओंपू तोगार म्हणत, म्हणजे तोगारचे आजोबा. त्यांचं जन्मनाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. ते सारुने वाजवत. सनईच्याच घराण्यातलं लाकडी वाद्य, पण सनईपेक्षा आवाजाला जास्त टोकदार, आणि एकदा सुरू झालं की संपेपर्यंत श्वासासाठी थांबत नाही. गालात हवा धरून ठेवायची, ती ओठांतून सोडता सोडता नाकानं नवी घ्यायची. ओंपू तोगार हे पन्नास वर्षं करत आले होते. आता त्यांचं डावं फुफ्फुस जवळजवळ बंद झालं होतं.

तरीही प्रश्न फक्त फुफ्फुसाचा नव्हता. त्यांच्या वडिलांनी बांधलेला एक गोन्दांग होता. म्हणजे पूर्वजांना उद्देशून, सगळ्या वाद्यांनी मिळून वाजवायची रचना. त्यातला ढोलांचा आणि घंटांचा भाग चार माणसांना येत होता. सारुनेचा भाग एकालाच. शिकायला एक पोरगा बसला होता, तो जकार्ताला बस चालवायला निघून गेला आणि परत आला तो कर्कश हॉर्न तोंडानं वाजवून दाखवायला शिकून.

"एकट्यानं वाजवा ना मामा," पार्लिननं सुरुवातीला विनवलं होतं. "नुसता सारुने. साधा कॅसेट रेकॉर्डर पुरेल मग."

"एकट्यानं? आणि ऐकवू कुणाला, डुकरांना?" ओंपू तोगार सारुनेच्या तोंडाची पात ओठांत भिजवत म्हणाले. "ढोल बोलल्याशिवाय माझ्या बोटांना पुढचं सुचत नाही. तुला वाटतं मी पाठ केलंय. तसं नसतं ते, भाच्या."

सगळे एकत्र वाजवताना कॅसेटवर घ्यायचा प्रयोग पार्लिननं दोनदा करून पाहिला होता. ढोलांच्या दणक्यात सारुनेचा ठळक सूर तेवढा वर तरंगत राहायचा, पण बोटांचं बारीक काम, जे शिकायचं ते, बुडून जायचं. म्हणून आठ ट्रॅक. सगळ्यांनी एकत्र वाजवायचं, पण टेपवर प्रत्येकाचा आवाज आपापल्या पट्टीत वेगळा राहायचा. मग ढोल बंद करून नुसता सारुने ऐकता येईल, अर्ध्या वेगानं ऐकता येईल, उद्या कुणी शिकायचं म्हटलं तर त्याला बोटन् बोट दाखवता येईल. मामाबरोबर तो गोन्दांग जाणार की राहणार, ते एवढ्यावर होतं.

"डॉक्टरनं फुंकायला बंदी केली आहे," मामी चुलीपाशी बसून म्हणाली. मासा साफ करता करता तिनं वरही पाहिलं नाही. "दोघांनाही सांगते आहे."

"डॉक्टर जावाचा आहे," मामा म्हणाले. "त्याला फुंकण्यातलं काय कळतं? एकदा वाजवीन. एकदाच. तुझं ते यंत्र तयार कर, मग बोलाव."

---

मेदानला कोह् आलिओंगच्या, म्हणजे आलिओंगदादाच्या, दुकानात दोन मिक्सर होते. एकाला बारा चॅनेल आणि चार आउटपुट, मुद्दाम रेकॉर्डिंगसाठी बनवलेला. दुसरा आठ चॅनेलचा, दोन आउटपुटचा, लग्नाच्या मांडवात आणि प्रार्थनेच्या सभेत लावतात तसला. कडेला मेणबत्तीचं मेण वाळलेलं होतं.

"मास्तर रेडिओ स्टेशन काढतायत वाटतं," आलिओंग म्हणाला.

पार्लिननं पिशवीतून आपली सुराची पेटी आणि व्होल्टमीटर काढला. तासभर तो काउंटरवर वाकून होता. गिऱ्हाइकं येत, त्याच्या खांद्यावरून डोकावत आणि जात. बारा चॅनेलच्या मिक्सरमध्ये काहीही न जोडता आवाज वाढवला की विजेची गुणगुण येत होती, सेकंदाला पन्नास कंपनांची, आणि तिच्यावर शंभराची.

"पोटात भुंगा आहे ह्याच्या," पार्लिन म्हणाला.

"एवढासा भुंगा! गाण्यात कुणाला ऐकू जातोय?"

"गाण्यात नाही. पण वाद्य थांबेल तिथे ऐकू येईल."

"सारुने म्हणालास ना? तुमचे लोक एकदा सुरू झाले की थांबतात कुठे?" आलिओंग मोठ्यानं हसला. "मागे एका मयताला गेलो होतो तिकडे तुमच्या. तीन दिवस झोप नाही. मेलेला बरा, म्हटलं, त्याला तरी पडायला जागा मिळाली."

मांडवाचा मिक्सर मात्र शांत होता. पार्लिननं पुन्हा पुन्हा मोजलं. अडचण एवढीच, की त्यात आठ माइक घालायचे आणि बाहेर निघायचे फक्त दोन आवाज, सगळं कालवून. पण प्रत्येक चॅनेलच्या मागे एक जास्तीचं छिद्र होतं. प्रतिध्वनीचं यंत्र वगैरे मधे जोडायला ठेवलेलं. तिथून आवाज बाहेर पडतो आणि त्याच छिद्रातून आत परततो. पार्लिन त्या छिद्राकडे बोट दाखवून म्हणाला, "इथून काढला तर?"

"काढतात की. प्लग पूर्ण खोचलास तर आवाज बाहेर येईल, पण आतला रस्ता तुटेल. हेडफोनवर काही नाही. म्हणून अर्धाच खोचायचा. पहिला खटका लागला की थांबायचं. मग बाहेरही येतो, आतही राहतो."

पार्लिननं करून पाहिलं. पहिल्या खटक्यावर व्होल्टमीटरचा काटा उठला आणि हेडफोनमधला सूर जसाच्या तसा चालू राहिला. त्यानं मनात हिशेब केला. इथून निघणारा आवाज फक्त पहिल्याच वाढीतून गेलेला असतो. आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या नाहीत, कालवाकालव नाही. माइकपासून टेपपर्यंतचा सगळ्यात छोटा रस्ता हाच. शिवाय आठच्या आठ एकाच वेळी. चार आउटपुटच्या मिक्सरमधून सरळ रस्त्यानं एका वेळी चारच गेले असते. सगळी कारणं एकाच बाजूला पडत होती.

"तीन टोकांचे प्लग आहेत का? त्यांची दोन टोकं जोडून टाकली तर पूर्ण खोचता येतील. हलायचा प्रश्न नाही."

"सिंगापूरचा माल आला की. पुढच्या महिन्यात बघ."

पुढच्या महिन्यावर पार्लिनचा भरवसा नव्हता. त्यानं साधे दोन टोकांचे आठ प्लग घेतले आणि मांडवाचा मिक्सर पोत्यात गुंडाळून बसच्या टपावर बांधला.

खोलीत त्यानं सगळं नीट जोडलं. हजार कंपनांचा सूर एकेका चॅनेलमध्ये सोडून रेकॉर्डरवरचा त्या त्या ट्रॅकचा काटा शून्यावर, म्हणजे योग्य पातळीच्या खुणेवर, येईपर्यंत बटण फिरवलं आणि तिथे पेन्सिलनं रेघ मारली. मिक्सर आणि रेकॉर्डर वेगवेगळ्या भिंतींवरच्या बोर्डांत असताना घरघर येत होती. दोन्ही एकाच बोर्डात लावल्यावर गेली. आठही प्लग पहिल्या खटक्यावर ठेवून त्यानं प्रत्येकाला चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. टेबल दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. एकही हलला नाही. त्याच्या खोलीची जमीन सिमेंटची होती.

---

गोन्दांग एरवी वाजतो तो घराच्या पुढच्या सज्जात. वाजवणारे वर, नाचणारे खाली अंगणात. पार्लिननं सगळ्यांना घरात घेतलं. अंगणात वारा होता, कोंबड्या होत्या आणि खालच्या रस्त्यानं ट्रक जात होते. मामाचं घर जुन्या पद्धतीचं, लाकडी खांबांवर उभं, फळ्यांच्या जमिनीचं. आवाज तिथे छान गोल यायचा. मामाच्या कोपऱ्याला त्यानं दोन्ही बाजूंनी गाद्या उभ्या केल्या, ढोलांच्या माइकांभोवती गोधड्या टांगल्या.

"मला कशाला गुंडाळतोस?" आमानी रुहुत ओरडला. तागानिंग, म्हणजे सुरात लावलेले पाच ढोल, तो वाजवायचा. "मी काय बाळंतीण आहे?"

"पोट तर तसंच दिसतंय," घंटावाल्यांपैकी एकजण म्हणाला.

"ह्याच्यात ताडी आहे, लेकरा. नववा महिना नेहमीच चालू असतो."

मामीलाही हसू आलं. मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं आणि तिनं तोंड फिरवलं. ओंपू तोगार खांबाला टेकून बसले होते. अंगात काळा कोट, डोक्याला पट्टा. बोलत नव्हते, श्वास वाचवत होते.

पात ओली करायला त्यांनी एक लांब सूर लावला, तेव्हा ट्रॅक एकचा काटा उजवीकडे जाऊन आपटला. पार्लिन दचकला. सुराच्या पेटीपेक्षा मामाचा श्वास कितीतरी मोठा होता, फुफ्फुस एक असलं तरी. त्यानं बटण मागे घेतलं. काटा जागेवर आला, पण सुराला जराशी खरखर आली असं त्याला वाटलं. संपर्क नीट नसेल म्हणून त्यानं ट्रॅक एकचा प्लग काढला, पुसला, पुन्हा पहिल्या खटक्यापर्यंत घातला आणि तीच चिकटपट्टी पुन्हा गुंडाळली. खरखर गेली होती. आठही काटे त्यानं एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उजवीकडून डावीकडे पाहिले.

"झालं का रे?" आमानी रुहुत म्हणाला. "गोधडीत घाम आला मला."

"झालं."

"मग माग."

पार्लिनला हे ठाऊक होतं. फक्त आजच्या दिवसाशी त्याचा संबंध त्यानं जोडला नव्हता. गोन्दांग कुणीतरी मागावा लागतो. मागितल्याशिवाय वाजत नाही. आज मागणारा तोच होता. तो उभा राहिला, दोन्ही हात जोडले आणि लहानपणापासून ऐकलेले शब्द म्हणाला, "बापांनो, वाजवणाऱ्या बापांनो. आमच्या मामांच्या वडिलांचा गोन्दांग आम्हांला द्या. आमचे हात जोडलेले आहेत, आमची मान खाली आहे."

आणि तो खुर्चीत बसून हेडफोन कानाला लावू लागला.

ढोल वाजले नाहीत.

"बसलास?" ओंपू तोगार म्हणाले.

"मामा, मला काटे बघायला हवेत."

"मागणारा कोण?"

"मीच. पण आजच्या दिवस माझ्याऐवजी मामी उठेल. किंवा..."

"मामी माझ्या घरची आहे. ती तिच्याच सासऱ्याकडून मागेल होय?" त्यांचा आवाज मोठा नव्हता. "माझ्या बहिणीचा मुलगा तू. माझ्या बापाला हाक मारलीस. तो आला, आणि तू पाठ करून यंत्राशी बसलेला. मी कुणासाठी फुंकू? त्या डब्यासाठी?"

आमानी रुहुतनं हात ढोलांवरून खाली घेतले.

पार्लिननं हेडफोन काढून ठेवला. रेकॉर्डरची आठही लाल बटणं दाबली, रीळ फिरू लागलं. एवढं तरी त्याला करू दिलं. मामीनं त्याच्या खांद्यावर वस्त्र घातलं, आणि मामाकडे तोंड करून, हात जोडून तो फळ्यांवर उभा राहिला.

ढोल सुरू झाले. मग घंटा, एकामागून एक. मग सारुने. पार्लिननं मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून टेबलाकडे पाहिलं. ट्रॅक एकचा काटा जिवंत होता, शून्याच्या आसपास थरथरत होता. ते पाहून त्याचं मन जरा शांत झालं. त्यानं गुडघे सैल केले, टाचा उचलल्या आणि टेकवल्या.

ह्या नाचात पाय फारसे उचलत नाहीत. टाचा तेवढ्या ठेक्यावर वरखाली होतात, गुडघे त्यांना झेलतात, हात जोडलेले राहतात. लवकरच मामीही त्याच्या मागे उभी राहिली, आणि तिच्या मागे शेजारच्या बायका. फळ्या सगळ्यांच्या ठेक्यानं एकत्र वाकत आणि उठत होत्या. मामाचे डोळे मिटलेले होते. गाल फुगत होते आणि सूर तुटत नव्हता. सुरुवातीचा, सगळ्या गोन्दांगांत येतो तो भाग संपला आणि मग जे आलं ते पार्लिननं आजवर तुकड्यातुकड्यानंच ऐकलं होतं: बोटं ढोलांच्या पुढे धावून जायची, वळून बघितल्यासारखी थांबायची, ढोल गाठायला आले की निसटायची. आमानी रुहुतच्या चेहऱ्यावर घाम होता आणि तो हसत होता. पार्लिनला काट्यांची आठवण राहिली नाही.

शेवटच्या घंटेनंतर ओंपू तोगारनी सारुने मांडीवर ठेवला आणि खोकायला लागले. खोकला थांबेना तेव्हा मामीनं त्यांना आत नेलं.

"नाचलास बरा," आमानी रुहुत म्हणाला. "चिखलातल्या रेड्यासारखा, पण मनापासून."

पार्लिन टेबलाशी गेला. आठ प्लगांपैकी सात जागेवर होते. पहिला त्याच्या सुटलेल्या चिकटपट्टीला लोंबकळत होता.

त्यानं रीळ मागे घेतलं आणि फक्त ट्रॅक एक ऐकला. सारुनेचा पहिला सूर होता. त्याच्यामागून सुरुवातीचा थोडा भाग. मग पार्लिनच्या स्वतःच्या टाचांचा पहिला ठोका, फळीचा करकर आवाज, एक खट्, आणि नंतर नुसती टेपची सळसळ, रीळ संपेपर्यंत. बाकीचे सात ट्रॅक उत्तम होते. ढोलांवरच्या कातडीला बोट घासलेलंही कळत होतं.

आमानी रुहुत जवळ येऊन उभा होता. पार्लिननं न सांगताही त्याला समजलं.

"सगळंच?"

"सुरुवात आहे."

"माझ्या सुनेचा कॅसेट रेकॉर्डर घरी खुंटीला आहे," आमानी रुहुत हळूच म्हणाला. "हाताएवढा. बटण दाबून कोपऱ्यात ठेवला असता तरी काहीतरी आलं असतं की रे." मग त्यानं पार्लिनकडे पाहिलं आणि पुढचं बोलायचं सोडून गोधड्या सोडवायला लागला.

---

मामाला सांगायचं कसं, ह्यावर पार्लिन आठवडाभर विचार करत होता. सांगायची वेळ आली तेव्हा त्यानं नुसतं सांगितलं. ओंपू तोगार खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. त्यांनी मधे अडवलं नाही.

"म्हणजे यंत्र बिघडलं."

"यंत्र नाही. प्लग मी अर्ध्यावर ठेवला होता. जमीन हलली."

"जमीन कुणी हलवली?"

"मी."

"मी उठवलं तुला," ओंपू तोगार म्हणाले. "पूर्ण का नाही खोचला?"

"हेडफोनमध्ये ऐकू आलं नसतं."

"ऐकायला तू हेडफोनपाशी होतास कुठे?"

पार्लिननं त्यांच्या पाठीमागची घसरलेली उशी सरळ केली.

"सुरुवात आली म्हणतोस."

"थोडी आली आहे."

"सुरुवात सगळ्यांना येते." त्यांनी हात पुढे केला. "आण. आत्ता वाजवतो. ढोल नकोत, कुणी नको. कुणाचा तरी साधा कॅसेटचा डबा लाव."

"नाही," मामी दारातून म्हणाली.

"तू गप. पोरगा रडायचा राहिलाय फक्त."

पार्लिननं मामीकडे पाहिलं. मामी आत गेली आणि सारुने घेऊन आली. तिनं त्याचं कापड सोडलं. पार्लिननं आमानी रुहुतच्या सुनेचा रेकॉर्डर मागून आणला आणि चादरीवर ठेवून बटण दाबलं. ओंपू तोगारनी पात ओठांत घेतली, भिजवली, गाल भरले.

पात वाजली नाही. नळीतून नुसती हवा गेली. त्यांनी पात काढून पाहिली, उलटी केली, पुन्हा लावली. ह्या वेळी एक सूर अर्धवट उठला आणि बसला. बोटं मात्र भोकांवर धावली. बरीच पुढेपर्यंत धावली, हवा नसताना. पार्लिन बोटांकडे बघत राहिला. आपण पाहतोय ते लक्षात ठेवायला हवं, हे त्याला कळत होतं, आणि लक्षात राहत नव्हतं. एवढ्या वेगानं चाललेली बोटं आवाजाशिवाय नुसती बोटंच दिसत होती.

"पात वाळली आहे आज," ओंपू तोगार म्हणाले.

"हो मामा."

"उद्या ओली ठेवतो रात्रभर."

"हो."

मामीनं सारुने पुन्हा कापडात बांधला. बटण दाबलेलंच होतं. कॅसेट संपून खटकन थांबली तेव्हा तिघेही दचकले.

ओंपू तोगार त्यानंतर उशांवरून उठले नाहीत. त्यांच्या मयताला घरच्यांनी पितळी बँड लावला, कारण सारुने वाजवायला आसपास कुणी उरलं नव्हतं. बँडवाले चांगले होते. आमानी रुहुत दिवसभर अंगणात बाकावर बसून होता. त्याला कुणी ढोल आणायला सांगितले नाहीत. संध्याकाळी पार्लिनला बाजूला घेऊन तो म्हणाला, "माझ्या माइकात शिरला असेल का रे तो? मी जवळच होतो. एका खोलीत होतो ना आम्ही."

"गाद्या होत्या मधे. गोधड्या होत्या."

"थोडा तरी? तू शिकलेला आहेस, काढ की बाहेर. मला माझे ढोल नकोत त्यात. माझे पुसून टाक."

"एका पट्टीवर दोन आवाज मिसळले की एक पुसता येत नाही, मामा." आमानी रुहुतला त्यानं ह्यापूर्वी कधी मामा म्हटलं नव्हतं.

"बघ तरी."

पार्लिननं रीळ पुन्हा लावलं. ह्या वेळी मिक्सरची त्याला गरज नव्हती. मामाच्या सारुनेचे सूर किती कंपनांचे, ते टेपवर उरलेल्या सुरुवातीवरून मोजता आलं; त्या सुरांखेरीज बाकीचं अडवणारी एक गाळणी त्यानं जुन्या भागांतून जोडली. मग दुसऱ्या ट्रॅकवर, तागानिंगच्या ट्रॅकवर, दोन ठोक्यांमध्ये सगळ्यात लांब फट जिथे पडते त्या जागा शोधून काढल्या. तिथे व्होल्टमीटर लावला. एकेक जागा पुन्हा पुन्हा चालवली, आकडे लिहिले आणि सरासरी काढली. मग तीच मोजणी त्यानं उरलेल्या सहा ट्रॅकवर केली. सारुने सगळ्यात जास्त मिळाला तो दुसऱ्यावरच, पण टेपच्या सळसळीच्या जेमतेम वर; ढोलांपेक्षा जितके डेसिबल खाली, तितका आवाज बारीक.

ढोलांच्या आवाजाच्या तुलनेत, ट्रॅक दोनवर: पार्लिनची पावलं, १९ डेसिबल खाली. सारुने, ४१ डेसिबल खाली. टेपची सळसळ, ४३ डेसिबल खाली.